उमेदवाराची प्रतिमा कशी घडवतात आणि मतदाराने ती कशी तपासायची: रील, पोस्टर आणि फॉरवर्ड वाचण्याची पद्धत

२०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. घटना एकच होती, पण मराठी सोशल मीडियावर तिला चार नावं पडली: गद्दारी, बंड, फूट आणि उठाव. 'गद्दारी' म्हटलं की समोरचा माणूस विकला गेलेला ठरतो. 'उठाव' म्हटलं की तोच माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला ठरतो. 'बंड' या शब्दात धाडसही आहे आणि शिस्तभंगही. आणि 'फूट' म्हटलं की माणूस चित्रातून गायबच होतो, जणू पक्ष आपला आपण फुटला, कुणी फोडला नाही. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर कुणी यातला कुठला शब्द वापरतो, यावरून तो कुठल्या बाजूचा आहे ते कळायचं. पण उलटंही घडत होतं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. ज्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एकच शब्द येत होता, त्याचं मत हळूहळू त्या शब्दाच्या बाजूला झुकत होतं.

उमेदवाराची सोशल मीडियावरची प्रतिमा बहुतेक वेळा एक छोटा शब्द आणि एक चित्र यांच्या जोडीतून उभी राहते. ही जोडी इतक्या वेळा समोर येते की ती कुणीतरी बनवलेली आहे हेच आपण विसरतो. ती जोडी सोडवून शब्द वेगळा, चित्र वेगळं आणि त्यामागचं प्रत्यक्ष काम वेगळं कसं पाहायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. मतदारांना याचा उपयोग आहेच. पण तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणारे, पहिल्यांदा मत देणारी कॉलेजची मुलं आणि प्रचारात मनापासून राबणारे कार्यकर्ते यांनीही हे करून बघावं. एक वही घ्या, आपल्या मतदारसंघातले दोन-तीन प्रमुख उमेदवार निवडा आणि निदान आठवडाभर सगळ्यांना सारखीच मोजपट्टी लावा. फक्त नावडत्या उमेदवाराची तपासणी केली तर हाती काहीच लागणार नाही.

पायरी १: मजकूर वाचण्याआधी पान कुणाचं ते बघा

विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात स्वतःच्या सोशल मीडिया खात्यांची माहितीही असते. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये ही अट घातली. प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. त्यातली खाती आधी वहीत लिहून घ्या. त्यानंतर तुमच्या फोनवर त्या उमेदवाराबद्दल जे येतं, त्यातलं किती या खात्यांवरून येतं ते बघा. बहुतेकांना असं दिसेल की फार थोडं येतं. उरलेलं 'युवा मंच', 'समर्थक', 'आपला तालुका' अशा नावांच्या पानांवरून येतं. वर्षभर एसटीचं वेळापत्रक, पाऊस आणि बाजारभाव देणारं पान निवडणूक जवळ आली की एकाच माणसाच्या रील टाकायला लागतं. कौतुक किंवा चिखलफेक अशा पानांवरून झाली की उमेदवार हात झटकायला मोकळा राहतो.

फेसबुकवर कुठल्याही पानाच्या माहितीत जाऊन 'पेज ट्रान्स्परन्सी' उघडा. पान कधी सुरू झालं, आधी त्याचं नाव काय होतं, ते चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. त्यानंतर मेटाची, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीची, जाहिरात लायब्ररी उघडा. त्यासाठी खातं लागत नाही. देश भारत निवडा, प्रकार राजकीय जाहिरातींचा निवडा आणि उमेदवाराचं नाव देवनागरीत एकदा, रोमन लिपीत एकदा टाका. प्रत्येक राजकीय जाहिरातीखाली पैसे कुणी दिले ते लिहिलेलं असतं. खर्चाचा अंदाज, आणि ती कुठल्या वयोगटाला व कुठल्या राज्यात दाखवली गेली हेही कळतं. गुगलचंही असंच जाहिरात पारदर्शकता केंद्र आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, लोकसभेला ९५ लाख. सोशल मीडियावरचा प्रचारखर्च त्यातच धरायचा असतो. 'समर्थक' पानाने केलेला खर्च कुणाच्या हिशेबात गेला, हा प्रश्न बातमीदारांनी विचारायलाच हवा. तो फारच क्वचित विचारला जातो.

पायरी २: शब्द वहीत उतरवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. वहीत तीन रकाने आखा: उमेदवाराला काय म्हणून हाक मारली आहे, त्याने काय केलं असं म्हटलं आहे, आणि विरोधकाला काय म्हटलं आहे.

पहिल्या रकान्यात बहुतेक नातीच येतील. दादा, ताई, भाऊ, भाई, अण्णा, साहेब. आपल्याकडे ही हाक मनापासून मारली जाते, त्यात गैर काही नाही. पण प्रचारात तिचं एक काम असतं. दादाकडे हट्ट करता येतो, पण हिशेब मागताना जीभ अडखळते. २०२४ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळालं. २८ जूनच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. पात्र महिलांना महिन्याला १५०० रुपये. पहिले दोन हप्ते, म्हणजे ३००० रुपये, ऑगस्टच्या मध्यावर खात्यात जमा होऊ लागले, रक्षाबंधनाच्या अगदी तोंडावर. योजनेच्या नावातच बहीण होती, त्यामुळे भाऊ कोण हे वेगळं सांगावं लागलं नाही. 'लाडका भाऊ', 'देवाभाऊ' ही नावं पोस्टरवर आणि रीलमध्ये आली. राखी बांधणारा हात आणि पुढे केलेलं मनगट, एवढ्या चित्रात सगळं आलं. या पैशाने कित्येक घरांत खरा आधार मिळाला, आणि ते म्हणण्यात कुणी कंजुषी करू नये. पण विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातला पैसा आणि भावाने घातलेली ओवाळणी यांत फरक आहे. 'भाऊंनी दिले' हे वाक्य 'सरकारी योजनेतून मिळाले' असं लिहून बघा. दुसरं वाक्य वाचल्यावर पुढचे प्रश्न सुचतात: निकष काय, नाव का वगळलं, निधी कुठून आला? पहिलं वाक्य वाचल्यावर हे प्रश्न विचारणं म्हणजे कृतघ्नपणा वाटू लागतो.

दुसऱ्या रकान्यातली क्रियापदं बारकाईने वाचा. 'निधी खेचून आणला', 'प्रश्न मार्गी लावला', 'पाठपुरावा केला', 'रस्ता मंजूर करून आणला'. ऐकायला हे सगळं झालेल्या कामासारखं वाटतं. आता एका रस्त्याचा सरकारी प्रवास आठवा. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी देयक. 'मंजूर' हा शब्द पहिल्याच टप्प्यावर वापरता येतो. त्या कागदाचा फोटो, शेजारी हसतमुख चेहरा, वर आकडा कोटींचा. खाली गावकरी 'अभिनंदन दादा' लिहितात आणि रस्ता दोन पावसाळे तसाच राहतो. नारळ फोडण्याचे फोटो भरपूर असतात. म्हणून भूमिपूजनाच्या प्रत्येक फोटोसमोर तारीख लिहा आणि त्याच कामाच्या लोकार्पणाचा फोटो शोधा. सापडला नाही तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयात जा आणि काम नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. उमेदवाराला थेट विचारायचा प्रश्नही छोटाच ठेवा: कार्यारंभ आदेश कुठल्या तारखेचा आहे?

तिसऱ्या रकान्यात विरोधकाला दिलेली नावं येतील. इथे एकच कसोटी लावा: हे नाव एखाद्या कृतीबद्दल आहे की माणसाबद्दल? 'यांनी अमुक ठरावाच्या वेळी दांडी मारली' हे तपासता येतं. अंगकाठी, बोलण्याची ढब, जात, पेहराव यावरून पाडलेलं नाव तपासताच येत नाही. ते फक्त चिकटतं. अशी नावं दोन्ही बाजूंनी पाडली जातात. आपल्या बाजूने पाडलेल्या नावावर आपण हसलो की दुसऱ्या बाजूला जाब विचारायला आपल्याकडे तोंड उरत नाही.

पायरी ३: आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका

रील एकदा आवाज बंद करून पाहा. कॅमेरा जमिनीजवळून वर बघतोय का? त्याने माणूस उंच आणि भारदस्त दिसतो. चाल मंद केली आहे का? उमेदवार पुढे आणि बाकीचे अर्धं पाऊल मागे आहेत का? गर्दी चौकटीत गच्च भरली आहे, पण गर्दीची कड कुठेच दिसत नाही, असं तर नाही ना? मागच्या रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या नसतील तर लांबून झूम करून गर्दी दाटवता येते. कपड्यांकडेही बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अजित पवारांची जनसन्मान यात्रा निघाली तेव्हा त्यांच्या अंगावर गुलाबी जॅकेट होतं आणि यात्रेचा एकूण रंगही गुलाबीच. करड्या शिस्तीचा नेता म्हणून ओळख असलेल्या माणसाला महिला मतदारांसमोर सौम्य दाखवण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता.

नंतर तीच रील न बघता फक्त ऐका. पार्श्वसंगीत वजा केलं तर किती शब्द उरतात? त्यातले किती उमेदवाराच्या तोंडचे आहेत? मुलांकडून मी हे करून घेतो तेव्हा त्यांना सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. ज्या रीलवर त्यांनी मनापासून बदाम टाकलेला असतो, तिच्यात उमेदवार एकही वाक्य बोललेला नसतो.

चेहऱ्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्याहून खोल असतो. प्रिन्स्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अॅलेक्झांडर तोडोरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी सिनेटच्या दोन उमेदवारांचे फोटो लोकांना क्षणभर दाखवले आणि यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो, एवढंच विचारलं. लोकांनी निवडलेला चेहरा सुमारे ७० टक्के लढतींत प्रत्यक्षातही जिंकलेला होता. आपल्याकडे पक्ष, जात, स्थानिक गट ही गणितं वेगळी आहेत, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पोस्टरवरच्या फोटोवर एवढा खर्च का होतो, ते त्यावरून समजतं.

सगळीच चित्रं मांडलेली नसतात, हेही लक्षात असू द्या. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात भाषण करत राहिले. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, पांढरा सदरा चिंब, हातात माइक. त्या भाषणात त्यांनी लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाल्याची कबुलीही दिली होती. फोनवर फिरलं ते भाषण नाही, तो भिजलेला सदरा फिरला. तीन दिवसांनी मतदान झालं आणि साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील निवडून आले. पाऊस कुणी आणला नव्हता, पण त्यानंतर राज्यात पावसात उभं राहून भाषण करणं हे प्रचाराचं एक तंत्र झालं. एखादं चित्र पहिलं आहे की आधीच्या गाजलेल्या चित्राची नक्कल, हे वहीत नोंदवा. बरंच काही कळतं.

चित्रात उमेदवाराशिवाय जी माणसं आहेत, ती कोण आहेत तेही शोधा. २०१९ च्या प्रचारात राज ठाकरे यांनी मेळघाटातल्या हरिसाल या 'डिजिटल गावा'च्या जाहिरातीत झळकलेल्या तरुणाला थेट सभेच्या व्यासपीठावर आणलं आणि जाहिरातीतलं त्याचं आयुष्य व प्रत्यक्षातलं आयुष्य लोकांसमोर ठेवलं. २०२४ च्या जुलैमध्ये तर मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एका वृद्धाचा फोटो वापरला गेला आणि तो पाहून त्यांच्या घरच्यांना धक्का बसला. ते सुमारे तीन वर्षांपासून बेपत्ता होते. 'लाभार्थी' म्हणून दाखवलेला चेहरा हा एक माणूस असतो. त्याने संमती दिली होती का आणि त्याला लाभ खरंच मिळाला का, हे दोन प्रश्न बातमीदाराने सोडू नयेत.

पायरी ४: जोडी ओळखा आणि तिचा प्रवास तारखांसह लिहा

आता शब्द आणि चित्र पुन्हा शेजारी ठेवा. कुठली जोडी परत परत येते? यासाठी एक उदाहरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

गुवाहाटीच्या मुक्कामात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवरचं बोलणं बाहेर आलं. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील... एकदम ओक्के.' राज्यभर लोक ते ऐकून खळखळून हसले. त्यावर गाणी निघाली, रील निघाल्या. ज्या मुक्कामावर सगळीकडून टीका होत होती त्याला त्या रांगड्या माणदेशी बोलीने एक घरगुती, निरागस चेहरा दिला. आमदार पळून गेलेले वाटेनात, सहलीला गेलेले वाटू लागले. दोनच महिन्यांत, ऑगस्टच्या अधिवेशनात, विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली: 'पन्नास खोके, एकदम ओक्के.' शेवटचे दोन शब्द तेच, पण पुढे पैशाचा आरोप जोडलेला. हसू आणणारे शब्द आरोपाचे झाले, आणि मूळ फीत आधीच घराघरांत पोचलेली असल्यामुळे नव्या घोषणेला वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. विरोधकांनी सतत उच्चारलेल्या त्या आरोपाचं पुढे न्यायालयात काय झालं, याची चौकशी घोषणा देणाऱ्यांपैकी आणि ऐकणाऱ्यांपैकीही फारच थोड्यांनी केली.

एखादी गोष्ट वारंवार ऐकली की ती खरी वाटू लागते. मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच हे प्रयोगांतून दाखवलं होतं. पण घोषणा घराघरांत पोचली म्हणून निकाल तिच्या मागे येतोच असं नाही. २०२४ च्या विधानसभेत 'गद्दार' आणि 'खोके' हे शब्द झेलणाऱ्या एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७ आमदार निवडून आले, उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे २०. आणि ज्यांच्या एका वाक्याने राज्याला हसवलं ते शहाजीबापू सांगोल्यात पराभूत झाले. व्हायरल होणं आणि मत मिळणं यांच्यामध्ये गाव, गट, ऊस, पाणी, योजना असं बरंच काही असतं.

जोडीचा अर्थ काळाप्रमाणे पालटतो, म्हणून तारखा हव्यात. देवेंद्र फडणवीस यांचं 'मी पुन्हा येईन' २०१९ च्या निवडणुकीआधी आत्मविश्वास होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्ता हुकल्यावर तेच वाक्य त्यांची खिल्ली उडवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं. ५ डिसेंबर २०२४ ला त्यांनी पुन्हा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि समर्थकांनी तीच जुनी फीत अभिमानाने फिरवली. वाक्यातला एक शब्दही बदलला नव्हता.

शब्द आणि चित्र यांची जोडी मतदान यंत्रापर्यंतही जाते. २०२४ च्या लोकसभेला शरद पवार गटाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. काही अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेट या वाद्याचं मराठी नावही यादीत 'तुतारी' असंच छापलं गेलं. साताऱ्यात त्या चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे तिथे ३२,७७१ मतांनी हरले. त्यातली किती मतं घोटाळ्यातून गेली हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण प्रचारात महिनाभर 'तुतारी, तुतारी' असा एकच शब्द घुमवताना 'तुतारी वाजवणारा माणूस' हे पूर्ण नाव आणि त्याचं चित्र लोकांपर्यंत पोचवायला हवं होतं. पोस्टर करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पायरी ५: कापलेल्या फितीच्या आधीची दोन मिनिटं ऐका

'लाव रे तो व्हिडिओ' हे राज ठाकरे यांचं २०१९ चं वाक्य अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. नेत्याचं जुनं विधान आणि नवं विधान तारखेसह शेजारी ठेवणं ही रास्त पद्धत आहे. तिचं मी स्वागतच करतो. भाजपनेही त्याला फितींनीच उत्तर दिलं आणि काही फितींच्या संदर्भावर आक्षेप घेतले. लोकांना त्यातून फीत तपासायची सवय लागली. (मनसेने ती लोकसभा लढवलीच नव्हती, आणि भाजप-शिवसेना युतीने राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. पुन्हा तेच, गाजणं वेगळं आणि जिंकणं वेगळं.)

फसवणूक होते ती वीस सेकंदांच्या तुकड्यात. वक्ता विरोधकाचं वाक्य उद्धृत करत असतो आणि कापणारा 'ते म्हणतात की' एवढंच गाळतो. प्रश्नार्थक वाक्याचा शेवट कापला की ते विधान होतं. म्हणून फीत आली की त्यातले दोन-तीन नेमके शब्द यूट्यूबवर सभेच्या गावाच्या नावासह शोधा. वाहिन्या आणि पक्ष पूर्ण भाषणं टाकतात. त्या वाक्याच्या आधीची दोन मिनिटं आणि नंतरचं एक मिनिट ऐका. मराठी भाषणाखाली हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षक असेल तर त्यावर विसंबू नका. कान मराठी शब्दांवर ठेवा. परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मराठी मुलांना ही सवय विशेष उपयोगी पडेल, कारण त्यांच्यापर्यंत बहुतेक फिती उपशीर्षकांसहच पोचतात.

फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाका, जुनी प्रसिद्धी सापडते का बघा. दुकानांच्या पाट्या, गाडीचा नंबर, अंगावरचे स्वेटर, रस्त्यावरचा चिखल यांवर नजर फिरवा. मे महिन्याची म्हणून आलेली सभा आणि लोकांच्या हातात छत्र्या, अशा विसंगती फोटो थोडा मोठा करून पाहिला की दिसतात.

पायरी ६: मतदानाच्या आदल्या रात्री आलेला ऑडिओ

१९ नोव्हेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी राज्यात मतदान, जाहीर प्रचार संपलेला. त्या रात्री भाजपच्या एक्स खात्यावरून काही ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या. बिटकॉइनच्या एका व्यवहाराबद्दलचे त्यातले आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे असल्याचा दावा होता. दोघांनीही तो फेटाळला. सुळे यांनी निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्यतपासणी करणाऱ्यांनी फिती साधनांतून तपासल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक कृत्रिमरीत्या बनवल्याची दाट शक्यता दिसली. तोवर मतदान केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या.

वेळ हेच इथलं हत्यार होतं. खुलासा पोचायच्या आत मत पडलेलं असतं. चित्र नसलेला ऑडिओ तपासायला सगळ्यात अवघड, कारण ओठांची हालचाल, सावली, बोटं, काहीच पाहायला नसतं. म्हणून स्वतःसाठी एक नियम करून ठेवा: प्रचार थांबल्यानंतरच्या ४८ तासांत पहिल्यांदाच ऐकू आलेल्या कुठल्याही 'स्फोटक' गोष्टीवर मत ठरवायचं नाही आणि ती पुढे पाठवायची नाही, मग ती आपल्या बाजूच्या फायद्याची का असेना. व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो निरोप आधीच बऱ्याच हातांतून आलेला आहे, त्याचा मूळ धनी तुम्हाला माहीत नाही.

निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना सांगितलं की असा बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने त्यापुढे जाऊन सांगितलं की कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या प्रचारचित्रावर किमान १० टक्के दृश्य भागात आणि ध्वनिफितीत सुरुवातीच्या १० टक्के वेळात तसा ठळक उल्लेख हवा. तो उल्लेख नसेल तर तक्रारीला तेवढं कारण पुरतं.

पायरी ७: स्त्री उमेदवारासाठी वेगळा शब्दकोश वापरला जातोय का?

इथे मला शांत राहणं जमत नाही. पुरुष उमेदवाराबद्दलच्या शंभर प्रतिक्रिया आणि स्त्री उमेदवाराबद्दलच्या शंभर प्रतिक्रिया वहीत शेजारी उतरवा. एका बाजूला भ्रष्टाचार, पक्षांतर, काम केलं-न केलं. दुसऱ्या बाजूला साडी, रंग, वय, नवरा, माहेर, चारित्र्य. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातल्या ९५ महिला नेत्यांना उद्देशून आलेले ट्वीट तपासले. दर सातातला जवळपास एक अपमानास्पद किंवा आक्षेपार्ह होता. आणि हे फक्त नाव लपवून लिहिणाऱ्यांचं काम नाही. २०२४ मध्ये मुंबादेवीतल्या उमेदवार शायना एन. सी. यांच्याबद्दल बोलताना खासदार अरविंद सावंत यांनी 'इम्पोर्टेड माल' असे शब्द वापरले. गुन्हा दाखल झाला, त्यांनी खेद व्यक्त केला. पण चर्चा पाणी, घरं, कचरा सोडून त्या शब्दांवर गेली. असले शब्द उमेदवार स्त्रीला कामाच्या चर्चेतून बाहेर ढकलतात. बातमीच्या मथळ्यात तो शब्द पुन्हा छापणारे आपणही त्याला हातभार लावतो.

पायरी ८: आता कागद उघडा

प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि दाखल गुन्हे असतात. एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेच्या 'मायनेता' संकेतस्थळावर जुन्या निवडणुकांची प्रतिज्ञापत्रंही शेजारी ठेवून पाहता येतात. गुन्ह्यांचा रकाना वाचताना कलम बघा. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांना एकाच तागडीत टाकू नका. उमेदवार विद्यमान आमदार असेल तर विधिमंडळातल्या कामकाजाच्या नोंदी पाहा: कुठले प्रश्न विचारले, कुठल्या चर्चेत भाग घेतला. वहीतल्या प्रत्येक विशेषणासमोर यातला एक तरी कागद लागतो का ते तपासा. 'कार्यसम्राट'समोर काहीच लागलं नाही तर जागा रिकामी ठेवा. 'निष्क्रिय' म्हटलेल्या उमेदवारासमोर विधानसभेतले प्रश्न लागले तर तेही लिहा.

प्रचार करणाऱ्यांसाठी: आरोपाला उत्तर कसं द्यायचं

विरोधकाचा शब्द स्वतःच्या तोंडाने मोठा करू नका. 'आम्ही गद्दार नाही' असं पोस्टर लावलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात 'गद्दार' तेवढाच उरतो. उत्तराची सुरुवात आपल्या माहितीने करा, आरोपाचा उल्लेख एकदाच आणि थोडक्यात करा, शेवट पुन्हा पुराव्याने करा. शक्य असेल तिथे कागदाचा वाचता येईल असा फोटो लावा.

शब्द उलटवण्याचा मार्गही आहे, पण तो सगळ्यांना झेपत नाही. २०१९ मध्ये काँग्रेसच्या 'चौकीदार चोर है' या घोषणेवर नरेंद्र मोदींनी आपल्या ट्विटर नावाआधीच 'चौकीदार' लावलं आणि त्यांच्या हजारो समर्थकांनी तेच केलं. आरोपातला शब्द ओळख म्हणून घेतला की पुढच्या आरोपातली धार जाते. याउलट १८ नोव्हेंबर २०२४ ला राहुल गांधींनी मुंबईत पत्रकार परिषदेत खरीखुरी तिजोरी आणली, त्यातून मोदी आणि अदाणी यांचा फोटो आणि धारावीचा नकाशा काढला. भाजपच्या 'एक हैं तो सेफ हैं' या घोषणेला ते उत्तर होतं, कारण इंग्रजीत 'सेफ' म्हणजे सुरक्षित आणि तिजोरीही. कल्पना चतुर होती, चित्र लक्षात राहिलं. पण त्यासाठी भाजपचीच घोषणा सगळ्या वाहिन्यांवर पुन्हा वाजली, तीही मतदानाला दोन दिवस असताना. माझ्या मते त्या दिवशी धारावीतल्या एका रहिवाशाचा चेहरा आणि त्याचा प्रश्न पुढे आणला असता तर जास्त उपयोग झाला असता.

तक्रार कुठे करायची

आयोगाची सी-व्हिजिल ही मोबाइलवरची तक्रार सुविधा मैदानावरच्या प्रकारांसाठी आहे: पैसे वाटप, दारू, विनापरवाना फलक. त्यात जागेवरच फोटो काढावा लागतो, गॅलरीतला चढवता येत नाही, आणि १०० मिनिटांत कारवाईची अपेक्षा असते. ऑनलाइन मजकुरासाठी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी द्या. इंटरनेटवरच्या राजकीय जाहिरातीला या समितीचं पूर्वप्रमाणपत्र लागतं, त्यामुळे 'प्रमाणपत्र क्रमांक काय?' एवढा प्रश्नही पुष्कळ काम करतो. बनावट फीत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडेही तक्रार नोंदवा. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तिथली तक्रार त्या निवडणुकीच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाते.

उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान जाणूनबुजून पसरवणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचार ठरू शकतो. मात्र ते विधान उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केलं होतं हे सिद्ध करावं लागतं. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. इतक्या उशिरा पुरावा शोधायला निघालं तर पोस्ट उडालेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी पोस्टची लिंक, पानाचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट आणि फितीची मूळ प्रत जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून आलेली असेल तर तो निरोप पुढे पाठवू नका आणि पुसूही नका. कुणाकडून, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता आला ते वहीत लिहा आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.